मोंगिना मॅडमचा आकडा

मोंगिनाची नजर एके काळी अख्ख्या टेकडीवर नावाजलेली होती. नाचणी दळायला न्यायच्या आधी खडे वेचायला आजूबाजूच्या घरांतून तिलाच बोलावणं यायचं. कुणाच्या पोराच्या तळव्यात पिसू शिरून बसली की आई त्या पोराला बखोटीला धरून तिच्या दारात आणायची, आणि मोंगिना लिंबाच्या काट्यानं ती पिसू अंड्यांसकट अशी उचलायची की पोराला रडायचंही सुचायचं नाही. पुढे ती शिकली. विज्ञान शिकायला कॉलेजात गेलेली टेकडीवरची ती पहिली मुलगी. शिक्षिका होऊन टेकडीवरच्याच मुलींच्या शाळेत परत आली, रसायन शिकवता शिकवता विज्ञानाची मुख्य शिक्षिका झाली, तरी म्हाताऱ्या बायका तिची ओळख सांगताना "ती काटेवाली" असंच म्हणायच्या, आणि तिला ते आवडायचं.

आता ती अठ्ठेचाळिशीला आली होती आणि तिला जवळचं दिसत नव्हतं.

हे कुणाला कळलेलं नाही, असा तिचा समज होता. सुईत दोरा ओवायची वेळ आली की तिचे हात नेमके पिठाचे असायचे आणि मुलीला हाक जायची. फोन वाचताना हात लांब लांब जायचा. एकदा नवरा, ओनचिरी, जेवता जेवता म्हणाला, "अगं, फोन शेजाऱ्यांच्या अंगणात ठेव. मग नीट वाचता येईल."

"तुमच्या पोटाची सावली पडते त्याच्यावर," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात उगालीचा, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा, गोळा जरा जोरातच आदळला.

चष्मा घेणं काही अवघड नव्हतं. अवघड होती ती शिक्षकांची खोली. तिच्या आधी रसायन शिकवणारे म्हातारे सर दोरी बांधलेला चष्मा गळ्यात घालून यायचे, आणि त्यांना "चालता फिरता सूक्ष्मदर्शक" हे नाव तिनंच ठेवलं होतं. सगळी खोली हसली होती, सरही हसले होते. वर्षभरात ते निवृत्त झाले आणि मुख्य शिक्षकाची त्यांची खुर्ची तिला मिळाली. आता त्याच खोलीत भौतिकशास्त्राचा माकोरी बसायचा. तिशीतला, टोकदार बुटांचा, आणि कुणाचंही हसू करायला टपलेला. खुर्चीवर त्याचा डोळा आहे हे मोंगिनाला लांबूनही दिसत होतं.

वर्षाच्या शेवटी फॉर्म दोनच्या, म्हणजे माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाच्या, मुलींची विज्ञानाची एकत्र परीक्षा व्हायची. भौतिक, रसायन, जीव, तिन्ही एका दमात. स्प्रिंगला वजन टांगायचं, घेवड्याचं बी चिरून आतला अंकुर काढायचा, आणि ब्युरेटमधलं, म्हणजे रेघा आखलेल्या उभ्या काचनळीतलं, आम्ल थेंब थेंब सोडून खालच्या चंबूतला गुलाबी रंग ज्या थेंबाला जातो तिथे थांबून आकडा वाचायचा. या परीक्षेत चांगले मार्क पडतील त्यांनाच पुढे भौतिकशास्त्र घेता यायचं. बाकीच्या शेतकी नाहीतर गृहविज्ञानाला. नर्स, डॉक्टर, इंजिनीयर व्हायचं ज्यांच्या मनात असेल त्यांची वाट तिथेच उघडायची किंवा बंद व्हायची.

प्रयोगाचे मार्क द्यायची रीत अशी, की बाईंनी तोच प्रयोग आदल्या दिवशी स्वतः करायचा आणि आपला आकडा लिहून ठेवायचा. प्रत्येक शाळेतलं आम्ल थोडं इकडे तिकडे असणार, तेव्हा बाईंचा आकडा हाच खरा आकडा. मुलीचा आकडा त्याच्या जवळ आला तर पूर्ण मार्क, लांब गेला तर शून्य. ही झाली कागदावरची रीत. कागदाबाहेरची रीत अशी, की परीक्षा चालू असताना बाई टेबलांमधून फिरतात आणि हळूच काहीतरी बोलून जातात. आसपासच्या सगळ्याच शाळांत हे चालायचं. त्याला "मुलींना उजेड दाखवणं" म्हणायचे. चोरी कुणी म्हणत नव्हतं. शेजारची शाळा उजेड दाखवणार आणि आपण आपल्या मुलींना अंधारात ठेवायचं, हा कुठला न्याय?

त्या वर्षी मोंगिनाही फिरली. हात मागे बांधून, छताकडे बघत म्हणाली, "शहाण्या मुलींचं उत्तर तेवीस पॉइंट चारच्या आसपास येतं हं."

पेपर तपासले तेव्हा वर्ग शहाणा निघाला होता. सगळ्यांचं तेवीस पॉइंट चार, किंवा संशय नको म्हणून तेवीस पॉइंट तीन. एकटीनं बावीस पॉइंट सहा लिहिलं होतं. गेसारे. खिडकीजवळच्या शेवटच्या टेबलावरची, चहाची पानं खुडणाऱ्या बाईची मुलगी, हुशार पण घुमी. मोंगिनाला रागच आला. आयतं ताटात वाढलं तरी हिला तोंड उघडायला नको.

पेपर परत देताना तिनं गेसारेचा पेपर मुद्दाम शेवटी ठेवला.

"गेसारे, ऊठ. तुझं ब्युरेट दुसऱ्या जिल्ह्यातून आणलं होतं का?"

वर्ग खिदळला.

"नाही, मॅडम."

"मग सगळ्या वर्गाला तेवीस दिसतं आणि तुला बावीस कसं दिसतं?"

"मला... बावीसच दिसलं, मॅडम."

"हिच्या आईला सांगा गं कुणीतरी, पोरीचे डोळे दाखवून आण म्हणावं. एवढे मोठे आहेत ते काय नुसते दाखवायला?"

पहिल्या बाकावरची केमुंतो इतकी हसली की तिला ठसका लागला. केमुंतो हसली की वर्ग हसतो, हे ठरलेलंच. गेसारे पेपर घेऊन खाली बसली. भौतिकशास्त्राची यादी लागली तेव्हा तिचं नाव दोन मार्कांनी राहिलं होतं. शेतकीच्या यादीत ते सगळ्यांत वर होतं.

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दारात एक बाई उभी राहिली. गमबूट चिखलानं माखलेले, म्हणून उंबऱ्याच्या आत येईना. डोक्यावर हिरव्या केळ्यांचा घड.

"मी गेसारेची आई, मॅडम. उपकार मानायला आले."

"या ना, गेसारेच्या आई, आत या. उपकार कसले?"

"तुम्ही तिच्या डोळ्यांचं बोललात ते." तिनं घड उतरवून दाराशी ठेवला. "आम्हाला काय कळतंय. पोरीनं सांगितलं, मॅडमला वाटतं मला नीट दिसत नाही. तशी नेली मिशनच्या दवाखान्यात. नर्सनं भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. हिनं सगळा वाचला, आणि तळाशी मुंगीएवढं छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. नर्स म्हणाली, बाई, हिला घरी ने आणि ज्याला दिसत नाही त्याला घेऊन ये."

माकोरी चहाचा कप खाली ठेवून मोठ्यानं हसला. मोंगिनाही हसली. हसायलाच हवं होतं.

"मग चांगलंच झालं की," ती म्हणाली.

"चांगलं कसं, मॅडम?" बाईचा आवाज खाली आला. "डोळे नाहीत, मग काय बिघडलंय? डोकं का? मला लिहिता वाचता येत नाही. पानं विकायला नेली की काट्यावरचा आकडा तीच बघते. लहानपणापासून तीच बघते, कारकुनाला कधी फसवू दिलं नाही तिनं. आता म्हणते, आई, दुसऱ्या कुणाला तरी विचार, मला उलटंसुलटं दिसतं. धाकट्याला विचारते, या गाडीवर कुठल्या गावाचं नाव आहे, बघ रे. सांगा, मॅडम, असं होतं का पोरींना या वयात? काही औषध असतं का?"

"बघते मी," मोंगिना म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका."

बाई गेली. माकोरी केळ्यांकडे बघत म्हणाला, "मॅडम, नुसत्या टोमण्याला घड मिळतो हे माहीत असतं, तर मीही दोन चार टोमणे मारले असते."

ती उठली. 'ज्याला दिसत नाही त्याला घेऊन ये' हे नर्सचं बोलणं तिच्या मागे मागे प्रयोगशाळेपर्यंत आलं. परीक्षेतलं उरलेलं आम्ल बाटलीत तसंच होतं. तिनं दाराला आतून कडी घातली, ब्युरेट भरलं, थेंब थेंब सोडलं. खालचा गुलाबी रंग गेला तिथे थांबली. मग वाकून नळीकडे पाहिलं. आम्लाची कड धुरकट, बारीक रेघा एकात एक मिसळलेल्या. फक्त ठसठशीत तेवीस दिसत होता. त्या दिवशीही तेवीसच दिसला होता, आणि त्याच्यापासून तिनं अंदाजानं चार रेघा मोजल्या होत्या.

तिनं फोन काढला, नळीचा फोटो घेतला आणि दोन बोटांनी तो मोठा केला, अजून मोठा केला.

तेवीस खाली होता. आम्ल त्याच्या वर, बावीसच्या खाली सहाव्या रेघेवर होतं. ब्युरेटवरचे आकडे वरून खाली वाढत जातात, ते वरूनच मोजायचे असतात. ही चूक पहिल्यांदा नळी हातात धरणाऱ्या पोरी करतात. वीस वर्षं दर नव्या वर्गाला ती सांगत आली होती, "पोरींनो, हिचं डोकं खाली आणि पाय वर, एवढं लक्षात ठेवा."

बावीस पॉइंट सहा. खिडकीजवळच्या शेवटच्या टेबलावर, भर परीक्षेत, सगळा वर्ग तेवीस लिहीत असताना त्या पोरीनं जे दिसलं ते लिहिलं होतं. मोंगिना स्टुलावर बसली. बाहेर घंटा झाली आणि कुणीतरी कडी वाजवली, "मॅडम, आमचा तास आहे." तिनं आधी ब्युरेट मोरीत रिकामं केलं, दोनदा विसळलं, आणि मगच कडी काढली.

खरं सांगायचं तर पहिला विचार मनात आला तो गेसारेचा नव्हताच. तो होता, हे कुणाला कळता कामा नये.

तिनं मार्ग काढला. मुख्याध्यापक ओंबातींकडे गेली आणि म्हणाली, गेसारेच्या पेपरात बेरजेची चूक झाली, दोन मार्क वाढतात.

"तुमच्याकडून बेरीज चुकली?" ओंबातींनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "चला, तुम्ही पण आमच्यात आलात म्हणायच्या. वय कुणाला सोडत नाही, मॅडम."

यादीत खाली हातानं गेसारेचं नाव लिहिलं गेलं. मोंगिनाला वाटलं, झालं. मुलीचं भलं झालं, आपलंही झाकलं गेलं.

एकच दिवस गेला असेल. दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेसारे प्रयोगशाळेच्या दाराशी आली.

"मॅडम, माझं नाव यादीतून काढा."

"का गं? भौतिकशास्त्र नको तुला?"

"हवं आहे. पण वर्गात म्हणतात, आईनं केळी दिली म्हणून मार्क दिले. केमुंतो म्हणते, एका घडाला दोन मार्क. आमच्याकडे बकरी आहे, मॅडमना विचार, बकरीला किती देतात."

"केमुंतोच्या जिभेला हाड नाही. तुझी बेरीज चुकली होती, म्हणून वाढवले."

"नव्हती चुकली, मॅडम. मी तीनदा करून बघितली. धाकट्याकडूनही करून घेतली."

मोंगिना टेबल पुसायला लागली. टेबल कोरडं होतं.

"तुम्ही तेवीस पॉइंट चार म्हणालात ते मी ऐकलं होतं," गेसारे म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उलट आपलीच चूक कबूल केल्यासारखी ती बोलत होती. "पण माझ्या नळीत ते नव्हतं. मी खूप वेळ बघितलं. मला तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता. दया म्हणून मार्क नकोत मला. मला दिसत नाही, तर मी प्रयोग कसे करणार? पुढे औषधाचं मोजमाप चुकलं तर माणूस मरेल."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते, आणि प्रयोगशाळेत दोघींखेरीज कुणी नव्हतं. पण मोंगिना म्हणाली, "जा आता, जेवून घे. मका-घेवडा संपेल." पोरगी मान हलवून गेली.

शाळा सुटल्यावर मोंगिना नेहमीच्या वाटेनं घरी निघाली. वळणावर चहाची पानं तोलायची पत्र्याची शेड होती. बायकांची रांग लागलेली. गेसारेची आई पुढे होती, तिची गोणी काट्याच्या आकड्याला टांगलेली, आणि शेजारी गणवेशातली गेसारे. कारकुनानं काट्याकडे ओझरतं बघून वजन ओरडून सांगितलं आणि गोणी खाली घ्यायची खूण केली. आईनं सवयीनं मुलीकडे पाहिलं. मुलगी काट्याकडे बघतच नव्हती. ती आपल्या बुटांकडे बघत होती. आईनं क्षणभर वाट पाहिली, मग मागे वळून रांगेतल्या बायकांना विचारलं, "बरोबर सांगितलं का गं यानं?" एक जण म्हणाली, "असेल." गोणी खाली आली.

गेसारेच्या आईनं मोंगिनाला पाहिलं आणि रांगेतूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मॅडम, केळी गोड निघाली का शिजवल्यावर?"

"हो, हो," मोंगिना म्हणाली आणि चालायला लागली. घड अजून शिक्षकांच्या खोलीतच होता. तिला तो घरी न्यायचं धैर्य झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला तिनं फॉर्म दोनला प्रयोगशाळेत बोलावलं. मधल्या टेबलावर ब्युरेट लावलं, आम्ल भरलं. मुली भोवती उभ्या राहिल्या, केमुंतो सगळ्यांत पुढे. मोंगिनानं रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"परीक्षेतला माझा आकडा चुकला होता," ती म्हणाली. "मला जवळचं दिसत नाही. दोन वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाही, लाज वाटली. मी नळी उलटी वाचली. खरा आकडा बावीस पॉइंट सहा. गेसारेचा बरोबर होता. तिचे मार्क केळ्यांचे नाहीत, तिचेच आहेत. आणि तिच्या डोळ्यांवरून मी जे बोलले, ते मला माझ्या डोळ्यांवरून बोलायला हवं होतं."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मागे कुणीतरी नळ नीट बंद केला.

मग केमुंतो म्हणाली, "मॅडम, मलाही बावीस पॉइंट सहाच दिसलं होतं."

"मलाही," दुसरी म्हणाली. "मी खोडलं." मग तिसरी, मग सगळ्याच. खोडलं, मॅडम. रबरानं पुसलं, मॅडम. मला वाटलं, माझंच चुकलं.

"मग तेवीस का लिहिलंत?" मोंगिनानं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळलं.

"तुम्ही म्हणालात ना," केमुंतो म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात टवाळी नव्हती. "आता आमचे मार्क जाणार का, मॅडम? माझं नाव यादीत शेवटून दुसरं आहे."

"तुमचे जाणार नाहीत. मी ओंबाती सरांना सगळं लिहून देणार आहे, उजेडाचंही. काय जायचं ते माझं जाईल." हे बोलताना तिच्या डोळ्यांपुढे माकोरीचे टोकदार बूट आले आणि मुख्य शिक्षिकेची खुर्ची आली. ती थोडी थांबली. मुलींना वाटलं, बाई अजून काही बोलणार आहेत.

तिनं ब्युरेटची चावी फिरवली. थेंब पडत राहिले, चंबू हलत राहिला, गुलाबी रंग फिका झाला आणि गेला. तिनं चावी बंद केली.

"गेसारे, पुढे ये. वाच."

गेसारे पुढे आली. मैत्रिणींनी वाट दिली. तिनं डोळे नळीच्या पातळीला आणले, शिकवलं होतं तसे, अगदी सरळ. क्षणभर बघितलं. तिला दिसलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. ओठ उघडले. आणि मग आकडा सांगायच्या आधी तिनं मान वर करून मोंगिनाच्या तोंडाकडे पाहिलं. भुवया कुठे जातात, ओठ कसे होतात, हे बघायला.

बाकीच्या मुलीही नळी सोडून बाईंच्या तोंडाकडेच बघत होत्या.

मोंगिना वळली. मुलींकडे पाठ करून, फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. फळ्यावर कालच्या तासाचं काहीतरी पुसट उरलं होतं.

"वाच," ती फळ्याला म्हणाली. "मी बघत नाहीये."

कुणाचा तरी बूट फरशीवर सरकला, खिडकीचं दार वाऱ्यानं एकदा आपटलं. आकडा यायला फार वेळ लागत होता, आणि तो येईपर्यंत ती तशीच उभी राहिली.